रस्त्यावरचा जाम आणि बरणीतला जॅम

नाशिकच्या द्वारका चौकात, जेथे मुंबई–आग्रा मार्ग आणि नाशिक–पुणे मार्ग एकमेकांस मिळतात आणि डोक्यावरून उड्डाणपूल गेला असूनही खालची गर्दी काही ओसरत नाही, तेथे सायंकाळच्या वेळी रिक्षात बसून राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा नाशिककर विरळाच. अशाच एका सायंकाळी माझ्या शेअर रिक्षाचा चालक फोनवर घरी सांगत होता, "द्वारकेला जाम आहे, अर्धा तास तरी लागेल." शेजारी बसलेल्या बाईंच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर एक काचेची बरणी आडवी पडली होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'मिक्स फ्रूट जॅम'. कानात जाम आणि डोळ्यांपुढे जॅम! हे दोन शब्द की एकच? एकच असेल तर आपण तो दोन तऱ्हांनी का उच्चारतो, आणि फळांच्या पाकाचा चाके थांबण्याशी संबंध तो काय? रिक्षा जागची हलेपर्यंत या प्रश्नाने मला सोडले नाही, आणि घरी आल्यावर कोशांची पाने चाळू लागलो तेव्हा ध्यानात आले की या दोन अक्षरांच्या पोटात बराच मोठा प्रवास साठलेला आहे.

नावाचे सारखे, कुळाचे वेगळे

शब्दाचे मूळ शोधताना पहिली खबरदारी ही घ्यावी लागते की, नाद सारखा म्हणून नाते जोडू नये. मराठीत 'जाम' या ध्वनीभोवती इतके शब्द गोळा झालेले आहेत की, असावध माणसाला ते सर्व एकाच घरचे वाटावेत. 'जामीन' हा अरबी. त्याचे मूळ 'जामिन' म्हणजे हमी घेणारा, आणि न्यायकचेरीच्या द्वारे तो आपल्याकडे रुळला. कवींच्या मैफलीतला मदिरेचा 'जाम' फारसी. त्याचा अर्थ पेला. संस्थानी दफ्तरांत वारंवार भेटणारा 'जामदारखाना' हाही फारसीच, परंतु त्याचा पेल्याशी काही संबंध नाही. तो 'जामा' म्हणजे वस्त्र या शब्दापासून निघाला. प्रथम राजाच्या पोशाखांची कोठी आणि पुढे मौल्यवान चीजवस्तूंचा खजिना असा त्याचा अर्थविस्तार झाला. त्याच 'जामा'तून आपला 'जामानिमा' आला आणि पायांतला 'पायजमा'ही आला. याउलट 'जमा', 'जमाबंदी', 'जमाखर्च' ही सारी महसुली मंडळी अरबीतील गोळा करणे या अर्थाच्या धातूची संतती होत. बाजारात मिळणारे पांढरट-गुलाबी 'जाम' हे फळ तर संस्कृत 'जंबू'च्या कुळातले, म्हणजे जांभळाचे भाऊबंद.

यांपैकी एकाचाही द्वारकेच्या जामशी रक्ताचा संबंध नाही. असा नाददृष्ट्या फसवणारा आणखी एक शब्द आपल्या घरातच आहे. सुपारी अडकवून फोडतो म्हणून 'अडकित्ता' असे पुष्कळांना वाटते. पण त्याचा 'अडकणे'शी संबंध नसून कन्नडमध्ये सुपारीला 'अडिके' म्हणतात, तेथून ते हत्यार नावासकट आपल्याकडे आले. नादावर विश्वास ठेवून कुळ सांगणे किती धोक्याचे असते, याला हा एक दाखला पुरेसा आहे.

इंग्रजीतले मूळ

आपल्याला हवा असलेला शब्द निखालस इंग्रजी आहे. तो इंग्रजी लेखनात अठराव्या शतकाच्या आरंभी क्रियापद म्हणून दिसू लागतो आणि त्याचा अर्थ, दोन पृष्ठांच्या मध्ये एखादी वस्तू घट्ट दाबणे, चेपणे, ठासणे असा आहे. त्याच्याही मागे काय होते हे कोशकारांना निश्चितपणे सांगता आलेले नाही. दातांनी कचाकचा चावणे या अर्थाचा इंग्रजीत एक जुना नादानुकारी शब्द आहे, त्याचाच हा अवतार असावा असा तर्क केला जातो. दोन दाढांच्या मध्ये सापडलेल्या घासाची कल्पना केली, तर हा तर्क निराधार वाटत नाही.

याच क्रियापदापासून १७३० च्या सुमारास बरणीतला जॅम जन्मास आला असे मानतात. फळे चेपून, दाबून, साखरेत शिजवून जो घट्ट लगदा होतो तो जॅम. म्हणजे त्या बाईंच्या पिशवीतील बरणी आणि आमची रिक्षा ही एकाच आईची लेकरे निघाली. आपला मुरंबा मात्र या घराण्यातला नव्हे. तो अरबी 'मुरब्बा', आणि त्या शब्दात चेपण्याचा नव्हे तर जोपासण्याचा, मुरवून वाढवण्याचा भाव आहे. मुरंब्यात कैरीची फोड अखंड राहते आणि जॅममध्ये फळाचा आकार उरत नाही, हा भेद शब्दांच्या मुळांतच नोंदलेला पाहून मला मोठा आनंद झाला. दाराच्या चौकटीच्या उभ्या लाकडालाही इंग्रजीत असेच काहीसे नाव आहे, पण ते फ्रेंचमधील 'पाय' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. आपले शिल्पशास्त्र त्याच लाकडाला वा दगडाला 'द्वारशाखा' म्हणते.

दाबण्यापासून अडकून पडण्यापर्यंत हा शब्द कसा गेला, ते उत्तर अमेरिकेतील नद्यांवर चांगले दिसते. तेथील लाकूडतोडे झाडे तोडून ओंडके नदीत सोडीत आणि प्रवाहाबरोबर ते कारखान्यांकडे वाहत जात. एखाद्या अरुंद वळणावर एक ओंडका आडवा झाला की मागचे त्यावर येऊन आदळत, एकमेकांत रुतत, आणि पाहता पाहता नदीवर लाकडांचा बांध उभा राही. त्या बांधाला ते हाच शब्द वापरीत. विसाव्या शतकात मोटारी वाढल्या तेव्हा नदीवरचा शब्द रस्त्यावर आला.

हे दृश्य पाहण्यास अमेरिकेत जाण्याची गरज नाही. आपल्या निफाड तालुक्यात गोदावरीला पूर येतो तेव्हा वरून वाहत आलेल्या पाणवेली सायखेड्याच्या पुलाला येऊन अडकतात. पहिला झुबका खांबाला धरून राहतो, दुसरा त्याला बिलगतो, आणि थोड्याच वेळात हिरवी सतरंजी अंथरावी तशी पुलाची तोंडे बंद होतात. पाण्याला वाट उरत नाही आणि त्याचा फुगवटा चांदोरी-सायखेड्याच्या वस्तीकडे वळतो. कोणा एका पाणवेलीने पूल बंद केला असे म्हणता येत नाही. प्रत्येकीने शेजारणीला तेवढे धरून ठेवलेले असते.

डोळ्यांची वाट आणि कानांची वाट

आता उच्चाराचा प्रश्न. इंग्रजी शब्दातला स्वर धड 'आ' नव्हे, धड 'ए' नव्हे. मराठीच्या मूळ वर्णमालेत तो नाहीच. परका शब्द घरात घेताना जो स्वर आपल्याकडे नाही त्याच्या जागी कोणता बसवायचा, हे शब्द कोणत्या वाटेने आला यावर ठरते. शाळा, कचेरी, छापील कागद या वाटेने, म्हणजे डोळ्यांनी आलेल्या शब्दांसाठी सुशिक्षितांनी प्रथम 'ब्यांक', 'म्यानेजर' अशी लेखने चालवली आणि पुढे अक्षराच्या डोक्यावर चंद्रकोर देऊन 'बँक', 'मॅनेजर' लिहू लागले. परंतु बाजार, पलटण, कारखाना, गोदी या वाटेने, म्हणजे नुसत्या कानांनी जे शब्द आले, त्यांत लोकांनी बेलाशक 'आ' बसवला. 'पाकीट' पाहा, 'माचिस' पाहा. दोन्हींच्या इंग्रजी मुळात बरणीतल्या जॅमचाच स्वर आहे, पण आज 'पॅकीट' किंवा 'मॅचिस' म्हणणारा मनुष्य आपल्याला परका वाटेल.

या कसोटीने पाहिले की कोडे सुटते. 'जॅम' आला बरणीवरच्या कागदावरून, इंग्रजी न्याहारीच्या टेबलावरून. म्हणून त्याने चंद्रकोर राखली. 'जाम' आला यंत्राशेजारून. कळ फिरेना, दट्ट्या सरकेना, नट सुटेना, की साहेब वा फोरमन जो शब्द उच्चारी तो मजुराने कानांनी उचलला आणि आपल्या तोंडाला येईल तसा केला. तो सरळ मराठीत आला की हिंदी बोलणाऱ्या मिस्त्री व ड्रायव्हर मंडळींच्या तोंडून आला, याचा कागदी पुरावा माझ्याजवळ नाही, परंतु 'चक्का जाम' ही जोडी माझ्या मते दुसऱ्या पक्षाची साक्ष देते. मराठी घरात चक्का म्हणजे श्रीखंडासाठी फडक्यात टांगून निथळलेले दही. फिरणाऱ्या वस्तूला आपण चाक म्हणतो. तेव्हा 'चक्का जाम' हा शब्द हिंदीत तयार होऊन मगच आपल्या मोर्चांत सामील झाला असावा. 'रास्ता रोको'चेही तसेच. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ते अडवले, तेव्हा हा हिंदी शब्द निफाड-पिंपळगावच्या अस्सल मराठी बोलीत असा बसला की पुन्हा उठला नाही.

आणि त्याच इंग्रजी शब्दाचे तिसरे आगमन अलीकडचे आहे. बेकायदा उभ्या केलेल्या मोटारीच्या चाकाला वाहतूक पोलीस जे पिवळे लोखंडी कडे अडकवतात त्याला लोक 'जॅमर' म्हणतात. आई, मावशी आणि भाची यांची नाके सारखी असावीत पण आडनावे निरनिराळी, तसे हे झाले.

> चौकट : ओळख पटवून घ्या
> एकाच मुळाचे : जॅम (बरणीतला), जाम (रस्त्यावरचा, यंत्रातला), जॅमर. मूळ इंग्रजी, मूळ अर्थ चेपणे, ठासणे.
> नुसते नामसाम्य : जामीन (अरबी, हमी घेणारा), जाम (फारसी, पेला), जामदारखाना, जामानिमा, पायजमा (फारसी, वस्त्र), जमा, जमाबंदी (अरबी, गोळा करणे), जाम हे फळ (संस्कृत जंबू).

नट जाम होतो म्हणजे काय होते

शब्दाचा अर्थ नीट कळायचा तर तो ज्या ठिकाणी रोज वापरला जातो तेथे जाऊन पाहावे, म्हणून मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका गॅरेजमध्ये दुपारभर बसलो. एका जुन्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे चाक काढायचे होते आणि त्याचा एक नट काही केल्या हलत नव्हता. साठीच्या घरातल्या मिस्त्रींनी पान्याला हात घातला, एकदा जोर लावून पाहिला, आणि पाना खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "जाम झालाय. घाई केली तर बोल्ट तुटेल." त्यांनी तारेच्या बोळ्याने गंज खरवडला, नटाच्या कडेने डिझेलचे थेंब सोडले आणि चहा मागवला.

चहा होईस्तोवर आत काय घडत होते ते पाहू. बोल्टवरचे आटे म्हणजे घाटातला वळणावळणाचा रस्ता. नट त्या रस्त्याने चढतो किंवा उतरतो. दोघांच्या मध्ये केसाएवढी फट असते म्हणूनच त्याला फिरता येते. या फटीत पाणी आणि हवा शिरली की लोखंडाचा गंज होतो, आणि गंजाचा विशेष हा की तो ज्या लोखंडापासून झाला त्याहून पुष्कळ जास्त जागा व्यापतो. फट भरते; भरूनही गंज वाढू पाहतो आणि नट व बोल्ट दोघांनाही दाबू लागतो. घर्षण म्हणजे दोन पृष्ठे एकमेकांवर घसरण्यास करतात तो विरोध, आणि जितके दाबावे तितका तो वाढतो. डिझेल पातळ असल्याने बारीक फटीत आपोआप शोषले जाते, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे, आणि पृष्ठांना वंगण पुरवते.

चहा संपल्यावर मिस्त्रींनी हातोडीने नटाच्या सहाही बाजूंवर हलके ठोके दिले आणि मग जे केले ते पाहून मी चकित झालो. त्यांनी पाना सोडण्याच्या दिशेने न फिरवता प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित फिरवला. कर्र असा आवाज झाला. मग उलट फिरवला; नट पाव वेढा सुटला. पुन्हा थोडा आवळला, पुन्हा सोडला. "हा ज्या बाजूला अडलाय त्याच बाजूला रेटत बसायचं नाही," ते म्हणाले, "आधी जरा मागे घ्यायचा." आवळल्याने गंजाची पकड एकदा फुटते आणि तिचा भुगा झाला की पुढची वाट मोकळी होते, हे त्यांचे हात कोणी न सांगता जाणत होते.

थांबवणारा कोणीच नाही

पिठाच्या गिरणीत वरच्या पत्र्याच्या पेटीतून गहू जात्यात उतरत असता मध्येच धार थांबते. पेटीत गहू भरपूर, खालचे तोंड उघडे, तरी दाणा पडत नाही. गिरणीवाला पेटीवर थाप मारतो आणि धार पुन्हा सुरू होते. झालेले एवढेच असते की, तोंडाशी एकाच वेळी आलेल्या दाण्यांनी एकमेकांना खांदे देऊन एक लहानशी कमान रचलेली असते. वरून भार वाढेल तशी दगडी कमान जशी घट्ट होते तशीच ही दाण्यांचीही होते. पेरणीच्या वेळी पाभरीच्या चाड्यात बियाणे अडते ते याच कारणाने.

मोटारींना तर कमान रचण्याचीही गरज लागत नाही. जपानमधील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी ठेवून चालकांना एकसारख्या वेगाने चालण्यास सांगितले होते. सिग्नल नव्हता, खड्डा नव्हता, वळण घेणारा बैल नव्हता. तरीही थोड्या वेळाने एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने दचकून त्याहून जास्त कमी केला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि शेवटी एक जण पूर्ण थांबला. ती थांबण्याची लाट मोटारींच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहिली. आपण द्वारकेला अर्धा तास अडकून पडल्यावर पुढे जातो आणि 'एवढे कशासाठी अडले होते' म्हणून अपघात शोधू लागतो. पुष्कळदा तेथे काहीच नसते, ते याचमुळे.

मराठीच्या पदरी काय होते

मग मराठीत शब्द नव्हते म्हणून हा परका घ्यावा लागला काय? शब्दांचे दारिद्र्य तर मुळीच नव्हते. अधिकाऱ्याने थांबवले तर अटकाव, मनाई, नाकेबंदी; सभा किंवा हुकूम थांबवला तर तहकूब, मोकूफ. चिखलात गाडी रुतते, गाळात पाय फसतो, दोरा गुंततो, मोरी तुंबते, जागा दाटते, माणूस कोंडतो, आणि कसाऱ्याला घाट चढण्यासाठी मागून इंजिन जोडेपर्यंत गाडी खोळंबते. प्रत्येक शब्द नेमके सांगतो की अडवणारा कोण: हुकूम, चिखल, गाठ, गाळ की वेळ. 'रहदारी' या शब्दाचा इतिहास तर विलक्षण आहे. फारसीत राहदारी म्हणजे वाटेवरच्या चौकीत प्रवाशाकडून घेतली जाणारी पट्टी. जो शब्द एके काळी माणसाला नाक्यावर थांबवीत होता, तोच आज आपण ये-जा करण्यासाठी वापरतो.

परंतु सारख्याच वस्तूंनी एकमेकींना दाबून सर्वांनाच अचल करावे, आणि अडवणारा म्हणून कोणाकडे बोट दाखवता येऊ नये, या स्थितीला आपल्याकडे चपखल शब्द नव्हता. बैलगाड्यांच्या काळात तशी गरजही क्वचितच पडत असावी. यंत्रे आणि मोटारी आल्या, गरज पडली, आणि कामकरी लोकांनी ती आपल्या कानांनी भागवली. वर्तमानपत्रांनी 'वाहतूक कोंडी' हा शब्द प्रचारात आणला; तो सुरेख आहे आणि छापील मजकुरात तोच असावा असे मला वाटते. तथापि 'जाम'ला अशुद्ध म्हणून हाकलणे मला मान्य नाही. 'गुडघे जाम झाले', 'डोके जाम झाले', इतकेच नव्हे तर पोरे 'जाम मजा आली' म्हणतात तेव्हाही ठासून भरल्याचा तोच मूळ भाव बोलत असावा असे मला वाटते. जो शब्द शरीरापर्यंत आणि आनंदापर्यंत पोचला तो पाहुणा राहिलेला नाही.

मात्र एका ठिकाणी मराठीने हा शब्द शिरू दिलेला नाही. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील स्नानाच्या दिवशी नाशिकच्या सरदार चौकाच्या परिसरात गर्दी अरुंद वाटेत दाटली आणि तीसहून अधिक भाविक प्राणास मुकले. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने तेथे जे घडले ते गिरणीच्या पेटीत घडते तेच होते. मागचे पुढे रेटत होते आणि प्रत्येक रेट्याने पुढची वाट अधिक आवळत होती. पण त्या दिवसाला नाशिकच्या कोणी जाम म्हटले नाही. 'चेंगराचेंगरी' हाच शब्द सर्वांच्या तोंडी आला, कारण त्यात नटबोल्ट नसून माणसाचे हाड आणि श्वास आहे. भाषेचा हा विवेक कोणत्याही कोशाने शिकवलेला नाही.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. घाटांकडे जाणाऱ्या गल्ल्यांत पुन्हा गर्दी दाटेल, आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना देणाऱ्यांना लोकांना चटकन कळेल असा शब्द निवडावा लागेल. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की 'जाम झाले आहे, पुढे सरका' असे म्हणू नका. सातपूरच्या मिस्त्रींनी सांगितले तेच सांगा, 'रेटू नका, जरा मागे व्हा.'